शरीर इथले, समजुती तिथल्या

‘आमच्या घराण्यात हे कुणाला नाही.’ कर्करोगाचा विषय निघाला की आपल्या मंडळींत हे वाक्य हटकून ऐकू येते. बोलणारी व्यक्ती बहुधा चांगली शिकलेली असते, आणि खोटेही बोलत नसते. पण आपली आजी, पणजी नेमकी कशाने गेली हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ‘पोटात दुखून गेली’, ‘अंगावरून जायचं’, ‘घास उतरेना’, ‘खंगत खंगत गेली’, एवढेच घरात सांगितले जाते. डॉक्टर तालुक्याच्या गावी, तिथवर जायचे बैलगाडीने, आणि बाईला न्यायचे म्हणजे सगळ्यांत शेवटी. अशा घरांत निदान कोण करणार? तेव्हा घराण्याच्या इतिहासात कर्करोग नाही याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की त्याचे नाव कुणी घेतले नव्हते. शिवाय ज्यांच्या कर्करोगाचे मूळ सरळ अनुवंशिकतेत सापडते असे रुग्ण शंभरात पाच ते दहा. उरलेल्या नव्वदांच्या घराण्यातही तो बहुधा ‘कुणाला नव्हताच’.

मी डॉक्टर नाही. मेलबर्नच्या पश्चिम भागातल्या एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षे काम केले. निवृत्तीनंतर वेरिबी, टारनीट, हॉपर्स क्रॉसिंग या भागातल्या आपल्या बायकांना आलेली पत्रे वाचून दाखवणे, फॉर्म भरून देणे, दवाखान्यात सोबत जाणे, असा एक बिनपगारी उद्योग मागे लागला. त्यात जे ऐकले आणि पाहिले त्यावरून हा विषय लिहावासा वाटला. माझे माहेर बार्शीचे. त्याचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

देश बदलला की माणसाचा कर्करोगाचा धोकाही बदलतो, ही गोष्ट शास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. जपानमधून हवाई आणि कॅलिफोर्नियाला गेलेल्या कुटुंबांचा हेन्झेल आणि कुरिहारा यांनी केलेला अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार, मोठ्या आतड्याचा कमी. अमेरिकेत नेमके उलट. स्थलांतरितांमध्ये जठराचा कर्करोग हळूहळू, पुढच्या पिढीत उतरला. आतड्याचा मात्र त्यांच्या स्वतःच्याच हयातीत चढला. रक्त तेच, वंश तोच. बदलले ते ताट, काम आणि राहणी.

आपल्या मेलबर्नमध्येही असे काम झाले आहे. १९९० ते १९९४ या काळात व्हिक्टोरियाच्या कर्करोग परिषदेने ४१,५१४ माणसांची एक मोठी पाहणी सुरू केली. त्यांतले सुमारे चौथाई लोक इटली आणि ग्रीसकडून आलेले होते. त्यांना मुद्दाम घेतले होते, कारण सगळेच एकसारखे जेवणारे असतील तर जेवणाचा परिणाम कळणार कसा? त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, दक्षिण युरोपातून आलेल्या लोकांच्या नोंदींत दिसले होते, की येताना त्यांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका इथल्या लोकांपेक्षा कमी असतो आणि इथे राहण्याची वर्षे वाढत जातात तसा तो इथल्या पातळीकडे सरकतो. वेरिबी साउथला समुद्राच्या बाजूला फुलकोबी आणि ब्रोकोलीची हिरवीगार शेते आहेत. ती कसणारी इटालियन कुटुंबे १९२० च्या दशकापासून इथे येत गेली. रविवारी आपण त्या रस्त्याने भाजी घ्यायला जातो. आपल्या आधी ही वाट चालून गेलेले लोक इतके जवळ राहतात, याची आठवण मला दर वेळी होते.

आता आपले आकडे पाहू. वयाचा फरक काढून टाकून हिशेब केला, तर भारतात दर लाख स्त्रियांमागे वर्षाला साधारण २६ जणींना स्तनाचा कर्करोग होतो. ऑस्ट्रेलियात हाच आकडा शंभराच्या आसपास आहे. मोठ्या आतड्याचा भारतात लाखामागे पाच, इथे तीसच्या वर. गर्भाशयमुखाचा मात्र उलटा हिशेब आहे: भारतात अठराच्या आसपास, इथे पाच-सहा. तोंडाच्या कर्करोगाने भारतात किती घरे बसली हे सांगायला नको. आपण या दोन आकड्यांच्या मधल्या पुलावर उभे आहोत. विमानातून उतरलो तेव्हा पुलाच्या त्या टोकाला होतो, आणि दर वर्षी थोडे थोडे इकडे सरकतो आहोत. आपली मुले बहुतेक या टोकालाच जन्मली.

हा पूल ओलांडायला परदेशातच यावे लागते असेही नाही. मुंबईत १९६३ साली भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदवही सुरू झाली, ती डॉ. जस्सावाला यांच्या इंडियन कॅन्सर सोसायटीने. तिच्यातून एक गोष्ट ठळकपणे दिसली. त्याच शहरात, त्याच हवापाण्यात राहणाऱ्या पारशी बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा बराच जास्त, आणि गर्भाशयमुखाचा कमी. उशिरा लग्न, उशिरा पहिले मूल, मुले कमी, काहींना मूलच नाही. ही कारणे वाचताना आपल्या पॉइंट कुकच्या घरांतल्या लेकी-सुना डोळ्यांसमोर येतात. शिक्षण, नोकरी, व्हिसा, घराचे कर्ज, मग तिशी उलटल्यावर एक मूल, आणि सहा महिन्यांत पुन्हा कामावर. यात कुणाचा दोष नाही, आणि ‘म्हणून लवकर लग्न करा’ असे सांगायला मी बसलेले नाही. शरीर या गोष्टींची नोंद ठेवते, एवढेच सांगायचे आहे.

धोक्याचा अंदाज मात्र आपण वेगळ्याच वहीतून बांधतो. माणूस धोका मोजतो तो पाहिलेल्यावरून. आपण लहानपणी कर्करोग पाहिला तो मिश्री लावणाऱ्या, तंबाखूची गोळी गालात धरणाऱ्या माणसांचा. त्यामुळे कर्करोग म्हणजे व्यसनाचे फळ, अशी खूणगाठ मनात पक्की बसली. मग जो निर्व्यसनी, त्यातून शाकाहारी, तो स्वतःला त्यातून वगळूनच टाकतो. इथे राहायला येताना झालेली वैद्यकीय तपासणी ही त्यावर आणखी एक मोहोर. खरे तर स्थायिक व्हायला येणारे लोक निवडलेलेच असतात, तरुण आणि धडधाकट. म्हणून पहिली काही वर्षे स्थलांतरितांची तब्येत इथल्या लोकांपेक्षा चांगलीच दिसते. ही शिल्लक कायम पुरत नाही. भाजी-भाकरी खाणाऱ्याला आतड्याचा धोका कमी असतो हे खरे, पण दिवसभर खुर्चीत बसणे, पोटाचा घेर आणि पन्नाशीपुढचे वय यांना शाकाहाराची सवलत नाही.

आपली एक आवडती वस्तू मात्र या हिशेबातून हटकून निसटते, ती म्हणजे सुपारी. तंबाखू नको हे सगळ्यांना पटले आहे. चघळायच्या तंबाखूच्या विक्रीवर ऑस्ट्रेलियात १९९१ पासून बंदी आहे, आणि महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण जेवणानंतरची सुगंधी सुपारी? ती तर सत्यनारायणाच्या पूजेतही असते! १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या तज्ज्ञाने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांचे वर्णन लिहिले. आतले अस्तर पांढुरके, ताठ झालेले आणि तोंड पुरते उघडेनासे झालेले. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. जोशी यांनीही हा विकार नोंदवला. कर्करोगाच्या आधीची ही अवस्था सुपारीमुळे येते हे पुढे पक्के झाले, आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, तंबाखू नसली तरी नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा दिला. त्या आद्य रुग्ण परदेशी स्थायिक झालेल्या आपल्याच बायका होत्या, हे मला फार बोलके वाटते. पूजेतली सुपारी पूजेतच राहू द्यावी.

त्वचेच्या कर्करोगाबद्दल मात्र आपला समज बऱ्याच अंशी बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून टोपी-मलम-सदऱ्याची जी मोहीम चालते, ती मुख्यतः गोऱ्या कातडीसाठी. आपल्या सावळेपणाने आपल्याला पुष्कळ सांभाळले आहे. फक्त आपल्यात तो क्वचित होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, आणि ‘कुठेतरी ठेच लागली असेल’ म्हणून राहून जातो. गायक बॉब मार्ली १९८१ साली गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच कर्करोगाने.

आता पत्रांकडे वळते. या देशाने कर्करोग लवकर पकडण्याची व्यवस्था चांगली केली आहे, आणि बहुतेक फुकट. स्तनांच्या एक्स-रे तपासणीची योजना १९९१ सालची. पन्नास ते चौऱ्याहत्तर वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी बोलावणे येते, आणि चाळिशीपासून आपणहून जाता येते. ही चाळिशीची सोय फार थोड्याजणींना माहीत असते. भारतात स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण सरासरीने इथल्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असतात. तिथली लोकसंख्याच तरुण, हे त्याचे एक कारण. पण त्यामुळे ‘हा म्हातारपणीचा आजार’ असे समजून पन्नाशीची वाट पाहत बसू नये. लवकर सापडल्याचा फरक किती पडतो? इथे निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातल्या नव्वदहून अधिक स्त्रिया हयात असतात. भारतातल्या ज्या थोड्या नोंदवह्यांचे आकडे जागतिक तुलनेत घेतले गेले, त्यांत २०१० ते २०१४ या काळात हे प्रमाण ६६ च्या आसपास होते. त्या बायकांचा आजार काही वेगळा नसतो. त्या उशिरा पोचतात, आणि पोचल्यावर उपचार पुरा होईलच असे नसते.

आतड्याच्या तपासणीचा संच घरी पोस्टाने येतो. ही योजना २००६ साली सुरू झाली. पन्नाशीपासून तो आपोआप येतो, आणि १ जुलै २०२४ पासून पंचेचाळिशी गाठलेल्यांना मागवता येतो. दोन वेगवेगळ्या दिवशी शौचाचा कणभर नमुना काडीने घ्यायचा, नळीत घालायचा आणि पोस्टात टाकायचा. डोळ्यांना न दिसणारे रक्त त्यात सापडते. वेळेवर सापडलेला आतड्याचा कर्करोग शंभरात नव्वदहून अधिक वेळा बरा होतो. तरीही संच मिळालेल्या शंभर ऑस्ट्रेलियन लोकांपैकी तो परत पाठवणारे चाळीसच्या आसपास, आणि ज्यांच्या घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते त्यांच्यात त्याहूनही कमी.

आपल्या घरांत हा संच कुठे अडतो ते मी जवळून पाहिले आहे. सूचनापत्रात लिहिलेले असते, की पहिला नमुना घेतल्यावर पाठवेपर्यंत तो फ्रिजमध्ये ठेवा. झाले! ज्या फ्रिजमध्ये नैवेद्याचे दूध आणि विरजण, त्यात हे? एका काकूंनी मला स्पष्टच विचारले, ‘अगं, ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या घरी देव नाहीत का?’ हसण्यावारी नेऊ नये असा हा प्रश्न आहे. त्यांना अडाणी म्हणणारा त्यांचा मुलगा स्वतःचाही संच दोन वर्षे कपाटात ठेवून होता. त्याच्याकडे देवाची अडचण नव्हती, वेळेची होती. काकूंसाठी तोडगा सोपा निघाला: संचातल्या पिशवीत नळी, ती झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा गराजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये, जिथे एरवी थंड पेयांच्या बाटल्या असतात. संच गेला. पत्रकात हा तोडगा छापलेला नाही, आणि छापणाऱ्याला सुचण्याचे कारणही नाही.

गर्भाशयमुखाच्या तपासणीत अडचण वेगळी असते, ती लाजेची. हा कर्करोग एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे कळल्यावर आपल्या बायका एकदम मिटून जातात. ‘म्हणजे माझ्यावर संशय आहे का?’ किंवा, त्याहून अवघड, ‘म्हणजे ह्यांच्यावर?’ खरे म्हणजे हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की संसार केलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी भेटून गेलेला असतो, आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. काहींच्यात वर्षानुवर्षे टिकतो, तिथे धोका असतो. या विषाणूवरच्या लशीचा पाया क्वीन्सलंड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि चीनमधून आलेले जियान झोऊ यांनी घातला. इथल्या शाळांत ती मुलींना २००७ पासून आणि मुलांना २०१३ पासून दिली जाते. डिसेंबर २०१७ पासून जुन्या पॅप तपासणीऐवजी पंचवीस ते चौऱ्याहत्तर वयात दर पाच वर्षांनी या विषाणूची तपासणी होते. आणि १ जुलै २०२२ पासून, पडद्याआड जाऊन, आपल्या आपणच कापसाच्या काडीने नमुना घेण्याची मुभा प्रत्येकीला आहे. डॉक्टर पुरुष असला काय आणि बाई असली काय, आता प्रश्नच उरत नाही. ही एक गोष्ट समजावून सांगितल्यावर ‘नको, नको’ म्हणणाऱ्या कितीतरी जणी तयार झालेल्या मी पाहिल्या.

इथे बार्शीचा विषय येतो. १९८७ साली बार्शीला भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली ३४६ गावे. खेड्यातला रोगी रुग्णालयात येतच नाही, तर नोंद कशी होणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले, पारावर, अंगणात बसून लक्षणे विचारू लागले, अंगावरून जात असेल तर दाखवून घ्या म्हणून सांगू लागले. काम नोंदीचे होते. पण काही वर्षांनी असे दिसले, की गर्भाशयमुखाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले आहेत. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. कुणीतरी दारात येऊन आपल्या बोलीत बोलले होते.

पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून एक मोठा प्रयोग केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, खेड्यांचे ५२ गट. काही गटांत एच.पी.व्ही.ची तपासणी आयुष्यात एकदाच केली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, जवळजवळ तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. (त्या चौसष्टांच्या गटाला तपासणी न देणे योग्य होते का, यावर पुढे कडाक्याचा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) जगभरच्या तपासणी-योजनांनी पॅपऐवजी विषाणूची तपासणी स्वीकारली, त्यामागे या अभ्यासाचाही आधार होता. म्हणजे आज वेरिबीतली बाई जी काडी पडद्याआड घेऊन जाते, तिच्यामागे परांडा-भूमकडच्या बायकाही उभ्या आहेत.

त्या प्रयोगात बोलावलेल्या दहांपैकी जवळजवळ आठजणी तपासणीला आल्या. त्यांतल्या बहुसंख्य कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. आतड्याचा संच आणि ही तपासणी एकच नव्हे हे मला कळते. तरीही दहांत आठ आणि दहांत चार हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवते, कारण ‘आपल्या लोकांना समजत नाही’ हे स्पष्टीकरण त्यापुढे टिकत नाही. समजण्याची अडचण असती तर पदवीधरांची घरे पुढे असती. आपल्याकडे पत्र येते, माणूस येत नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

माणूस म्हणजे घरचाच असे मात्र समजू नये. दवाखान्यात सासूबाईंचे बोलणे इंग्रजीत सांगायला मुलगा बसलेला असतो, आणि त्याच्यासमोर त्या ‘अंगावरून जातंय’ हे शब्द उच्चारत नाहीत. ‘पोट जरा दुखतंय’ एवढेच डॉक्टरपर्यंत पोचते. आणि निदान झालेच, तर मुलगा मराठीत सांगतो, ‘काही नाही आई, एक गाठ आहे, काढून टाकू.’ ‘कॅन्सर’ हा शब्द आपण घरात उच्चारत नाही, जणू नाव घेतले तर तो ऐकेल. यामागची माया मी नाकारत नाही. पण जिच्या शरीरात तो आहे तिला केमोथेरपी कशासाठी चालली आहे हे माहीत नसेल, तर ती दुसऱ्या फेरीनंतर ‘आता बरं वाटतंय, नको’ म्हणते, आणि तिचे काय चुकले? सरकारी दूरध्वनी-दुभाषी सेवा इथे १९७३ पासून आहे. क्रमांक १३ १४ ५०. आपली भाषा सांगितली की दुभाषी ओळीवर येतो, आणि मेडिकेअरच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी मागितला तर फुकट असतो. परक्या बाईच्या आवाजाला सांगणे मुलाला सांगण्यापेक्षा सोपे जाते.

शेवटी ज्यांना पत्रच येत नाही त्यांच्याविषयी. नातवंडे सांभाळायला सहा-सहा महिने येणारे आपले आईवडील. त्यांच्याकडे मेडिकेअर नसते, भारताशी तसा करार नाही, आणि मोठ्या मुदतीचा पालक व्हिसा मिळाला तरी मेडिकेअर मिळत नाही. त्यांना ना आतड्याचा संच येतो, ना स्तनांच्या तपासणीचे बोलावणे. इथे आल्यावर काही झाले तर खर्च मुलाला पडेल, या एका विचाराने आई गाठ लपवते, परतीच्या तिकिटाची तारीख मोजत राहते, आणि पुण्याला उतरल्यावर डॉक्टर विचारतात, ‘इतके दिवस कुठे होतात?’ प्रवासाआधी आपण त्यांच्या विम्याची, डोळ्यांची, दातांची आठवण करून देतो. त्याच फोनवर स्तनांची तपासणी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि बाबांचे तोंड दंतवैद्याने आतून नीट पाहिले का, हेही विचारावे. आईने ‘मला काय झालंय?’ म्हटले तर फोन मुलाने सुनेकडे द्यावा.